महाडची जलवाट : डिसेंबर १९२७ मधील एका प्रवासव्यवस्थेचा विचार

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी पदव्युत्तर वर्गात प्रश्न विचारला, तर विद्यार्थी तारखा बिनचूक सांगतात. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी घेतले गेले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना पाठ असते. परंतु "डिसेंबरात मुंबईहून निघालेली ती दोनशे माणसे महाडास पोहोचली कशी?" असा प्रश्न केला की वर्ग स्तब्ध होतो. जाणे आणि पोहोचणे यांत इतिहासाचा विषय होण्याजोगे काही असेल, अशी कल्पनाच सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच उपेक्षित प्रश्न आहे.

नदीवरून प्रवास करू इच्छिणाऱ्यास काही गोष्टी आधी ठरवाव्याच लागतात. पाण्यात कोठे शिरावयाचे आणि कोठे बाहेर पडावयाचे? शिरण्याच्या जागेपर्यंत कोण नेणार आणि बाहेर पडल्यावर पुढे कसे जावयाचे? पाणी कोणत्या वेळी अनुकूल असेल? शिधा किती दिवसांचा बरोबर घ्यावयाचा? आज कोलाड येथे कुंडलिका नदीवर तराफ्यांतून जाणाऱ्या हौशी मंडळींनाही हे प्रश्न चुकत नाहीत. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटेल त्या वेळेशी त्यांना आपला सगळा कार्यक्रम जुळवून घ्यावा लागतो. हौसेच्या प्रवासात यांपैकी एखादे उत्तर चुकले, तर फार तर एक दिवस वाया जातो. ज्या रस्त्यावर कोलाड आहे, त्याच रस्त्याने दक्षिणेस गेल्यावर महाड लागते. १९२७ च्या डिसेंबरात हेच प्रश्न महाडास निघालेल्या लोकांपुढे उभे होते. फरक एवढाच, की तेथे एक उत्तर चुकले असते, तर सारी चळवळच वाटेत अडली असती. त्यांनी खुष्कीचा मार्ग सोडून समुद्राचा आणि सावित्री नदीचा मार्ग धरला, आणि तो हौसेने धरला नव्हता. तो का धरावा लागला व त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहिल्यावाचून त्या परिषदेचे पूर्ण आकलन होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. प्रवासाचे मुंबईतील टोक

या प्रवासाचे पहिले टोक परळ भागात आहे. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलाविली आणि त्याच वर्षी २० जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सभेची कचेरी दामोदर हॉलमध्येच होती. डॉ. आंबेडकरांचे बिऱ्हाडही जवळच, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत होते. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघू लागले. म्हणजे कचेरी, पत्र आणि कार्यकर्ते ही चळवळीची तिन्ही साधने गिरणगावाच्या परिसरात एकत्र आली होती.

गिरणगाव आणि कोकण यांचा संबंध येथे ध्यानी घेणे अवश्य आहे. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड येथील चाळींत राहणाऱ्या कामगारांपैकी फार मोठा वर्ग रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांतून आलेला होता. त्यांची घरे मुंबईत नव्हती, मुंबईत होती ती बिऱ्हाडे. शिमगा, गणपती, लग्नकार्य आणि शेतीचा हंगाम यांच्या निमित्ताने माणसे गावी जात व परत येत. ही ये-जा मुख्यतः आगबोटींनी होई. आगबोटींचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावरील बंदरे एकामागून एक बंद होत. तेव्हा तिकीट केव्हा काढावयाचे, वळकटी कोठे टाकावयाची, भाकरी किती वेळच्या बांधून घ्यावयाच्या, कोणत्या बंदरात पडाव बोटीला लागतो आणि कोठे गुडघाभर पाण्यातून जावे लागते, हे ज्ञान गिरणगावात घरोघर होते. ते कोणी लिहून ठेविले नव्हते. बायकामुलांसह सामान्य माणूस ते अनुभवाने जाणत असे.

धक्क्यांपर्यंत जाण्यास ट्राम होती. मुंबईतील ट्राम १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ साली विजेवर आली आणि १९६४ साली बंद पडली. या उतारूंच्या तोंडी सर्वांत अधिक असलेले नाव म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य उर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धक्क्याचे हे नाव. पुढे धक्क्याची जागा बदलली, तरी लोकांनी नाव बदलू दिले नाही. रेवस आणि धरमतरकडे जाणाऱ्या उतारूंना ते नाव घरच्यासारखे होते.

या कामगारांमध्ये अस्पृश्य गणलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. गिरणीतही त्यांना सर्व खाती खुली नव्हती. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, या सबबीवर विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नाकारला जाई आणि अधिक मजुरीचे काम त्यामुळे त्यांच्या वाट्यास येत नसे. हा मुद्दा डॉ. आंबेडकरांनी पुढे १९२८ च्या संपाच्या वेळी मांडला. ओलाव्याला शिवाशिवीचे भय असते आणि जेथे पाणी किंवा लाळ मध्ये येते तेथे बंदी कडक होते, ही गोष्ट महाडला जाण्यापूर्वीच परळच्या कामगाराने गिरणीत अनुभवलेली होती.

२. सावित्रीचा मार्ग

दुसरे टोक महाड. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये ती समुद्रास मिळते. कोकणातील इतर नद्यांप्रमाणे तिच्यातही समुद्राची भरती दूरवर आत चढते. लहान पडाव भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत जात. मोठ्या होड्या व लाँच दासगावपर्यंत येत. दासगावाहून महाड पाच मैल. नदी अडते तेथे बाजार वसतो, हा कोकणातील नियमच आहे. वासिष्ठीवर चिपळूण, जगबुडीवर खेड, अर्जुनेवर राजापूर आणि सावित्रीवर महाड ही गावे याच कारणाने वाढली. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल येथे पाण्यात उतरे आणि पाण्यातून आलेला माल येथून घाट चढे.

ही वाट जुनी व प्रतिष्ठित होती. सर जॉन मालकम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले, तेव्हा मुंबईहून तेथे जाणारे साहेबलोक समुद्राने बाणकोटास येत, सावित्रीतून महाडकडे जात आणि तेथून पालखीने घाट चढत. त्या प्रवासाची व्यवस्था किती माणसे राबवून होत असेल, याचा अंदाज सहज करता येतो. नावाडी, हमाल, भोई, शिधा आणि मुक्कामाचा बंगला, सर्व आधी सज्ज ठेवावे लागे. या वाटेने गव्हर्नर गेले तेव्हा ओझी वाहण्याचे व वाट साफ करण्याचे काम गावोगावच्या वतनदार महारांकडे असणार, हे वतनपद्धतीचे स्वरूप पाहता उघड आहे. शंभर वर्षांनी त्याच समाजाची माणसे त्याच वाटेने स्वतःच्या कार्यासाठी गेली.

वाट निर्धोक मात्र नव्हती. मुखाशी वाळूचा दांडा आहे. वारा आणि ओहोटी यांची गाठ पडली की तेथे लाटा फुटतात. आत शिरल्यावर वेळेचा प्रश्न उद्भवतो. भरतीबरोबर निघाल्यास पाणीच नावेस वर नेते, आणि वेळ चुकल्यास चिखलात रुतून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. खाडीचे वेळापत्रक कोणत्याही कचेरीत ठरत नाही. ते चंद्रावर ठरते आणि तिथीगणिक पुढे सरकते. म्हणून शेकडो माणसे या मार्गाने न्यावयाची, तर मोठ्या बोटीचे सुटणे, मुखाशी पोहोचणे आणि खाडीतील भरती या तिन्ही वेळा जुळवाव्या लागत.

याच वाटेवर दासगाव. रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण दासगावच्या परिसरात गेले आणि महाडास परिषद भरविण्याची खटपट प्रथम करणाऱ्यांत ते होते. त्यांच्या आधीच्या पिढीत महाड परिसरातील गोपाळबाबा वलंगकर होऊन गेले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. या भागात महार पेन्शनर सैनिकांची वस्ती बरीच होती. तळ कसा द्यावा, शिधा कसा वाटावा, माणसांची मोजदाद कशी ठेवावी, हे त्यांनी पलटणीत शिकलेले होते. परिषदेच्या व्यवस्थेत सुभेदारांची नावे येतात ती यामुळेच.

३. मार्चचा धडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठरावाने कागदावर खुले झालेले पाणी प्रत्यक्षात बंदच राहिले.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. परिषदेस जमलेल्या लोकांना पिण्यास पाणी हवे होते. गावात तळे असून त्यावर त्यांचा हात पोहोचत नव्हता. अखेर चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून पाणी घ्यावे लागले. ही नोंद चरित्रग्रंथांत एका ओळीत येते आणि वाचक पुढे जातो. वस्तुतः सर्व प्रश्नाचे सार त्या ओळीत आहे. ज्या हक्कासाठी परिषद भरली, त्या हक्काच्या अभावाची किंमत परिषदेच्या हिशेबात खर्च म्हणून मांडावी लागली.

२० तारखेस लोक शांतपणे तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली. जे प्रतिनिधी मंडपात जेवत होते किंवा परतीची बांधाबांध करीत होते, त्यांच्यावर हल्ला झाला. गावोगाव परतणाऱ्यांसही मार बसला. तळ्याची पुढे 'शुद्धी' करण्यात आली.

प्रवासव्यवस्थेच्या दृष्टीने मार्चचा धडा स्पष्ट आहे. जमाव एकत्र असताना सुरक्षित होता. पांगला, जेवावयास बसला, वाटेस लागला, तेव्हा तो असुरक्षित झाला. हल्ला झाला तो जाण्यायेण्याच्या आणि खाण्यापिण्याच्या क्षणी. पुढील खेपेस काय सांभाळावयाचे, हे या अनुभवाने शिकविले.

४. डिसेंबरची सिद्धता

डिसेंबरात सत्याग्रह परिषद घेण्याचे ठरले. महाडच्या विरोधकांनी या वेळी वेगळा उपाय योजला. मार्चमध्ये लाठी चालली होती, आता नकार पुढे आला. मंडपासाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना. बाजारातील व्यापारी धान्य विकेनात. धरमतर ते महाड या मार्गावरील मोटारवाल्यांनी सत्याग्रहींना नेण्याचे नाकारले. शिवाय १२ डिसेंबर रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. जागा, अन्न, वाहन आणि पाणी या चारही बाबतींत दार बंद झाले.

या चार नकारांना आयोजकांनी दिलेली उत्तरे क्रमाने पाहावी. जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली. धान्य व इतर साहित्य बाहेरगावाहून आणून सुमारे दहा दिवसांचा साठा करण्यात आला. या कामाचा मोठा भार अनंत विनायक चित्रे यांनी वाहिला. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस यांचेही साहाय्य होते. ही दोन्ही माणसे स्पृश्य समाजातील होती, हे येथे नमूद केले पाहिजे. छावणीतील शिस्त निवृत्त लष्करी मंडळींनी सांभाळली. आणि वाहनाचा प्रश्न समुद्राने व नदीने सोडविला.

२४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर, त्यांचे सहकारी आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. मोठी बोट समुद्राने सावित्रीच्या मुखापर्यंत, आणि पुढे खाडीतून दासगाव, असा तो मार्ग होता. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेस दुपारी मंडळी दासगाव बंदरात उतरली. तेथे सुमारे तीन हजार सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते. जिल्ह्याचे पोलीस अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन उभे होते. डॉ. आंबेडकर त्यांच्या भेटीसाठी पुढे गेले आणि उरलेला समुदाय मिरवणुकीने पाच मैल चालत महाडास गेला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. त्याच हंगामात, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी कोकणच्या किनाऱ्यावर बुडाल्या होत्या. 'पद्मावती'ने मुंबई सोडली तेव्हा त्या दुर्घटनेस पुरते दीड महिनेही झाले नव्हते. कोकणी माणसाच्या मनात ती ताजी असणार. अशा वेळी दोनशे माणसांनी समुद्राची वाट पत्करली, हे लक्षात घेतले म्हणजे खुष्कीच्या वाटेवरील नकाराचे वजन कळते. समुद्राचे भय सर्वांना सारखे असते. मोटारवाल्याचा नकार मात्र नेमक्या एका समाजापुरता होता.

मोटारीस जे जमले नाही ते बोटीस का जमले, याचा थोडा विचार करू. मोटारींचे मालक त्या भागातले, त्यांचे गिऱ्हाईक त्याच बाजारातले. महाडच्या व्यापाऱ्यांचा रोष त्यांना परवडणारा नव्हता. त्या काळच्या मोटारीत थोडी माणसे मावत. दोनशे माणसे नेण्यास अनेक खेपा कराव्या लागल्या असत्या, म्हणजे जमाव तुकड्यातुकड्यांनी पोहोचला असता. वाटेत नागोठणे, माणगाव अशी मुक्कामाची गावे, आणि प्रत्येक ठिकाणी चहापाण्याचा, म्हणजेच शिवाशिवीचा प्रश्न. बोटीचे गणित अगदी उलटे होते. तिचा धंदा मुंबईच्या कोकणवासी उतारूंवर चाले. त्यात अस्पृश्य कामगारही आले. महाडच्या बाजाराचा शब्द मुंबईच्या तिकीटघरापर्यंत पोहोचण्याजोगा नव्हता. सर्व प्रतिनिधी एकत्र निघाले आणि एकत्र उतरले. मध्ये गावे नव्हती, होते ते पाणी. बहिष्काराची सत्ता जमिनीवर वस्तीगणिक चालते, हे या दोन मार्गांच्या तुलनेतून दिसून येते.

याचा अर्थ बोटीवर भेदभाव नव्हता असा मुळीच नाही. एवढेच म्हणता येते, की आगबोटीच्या डेकवर जागा तिकिटाने मिळे, आणि तेवढ्या अंशाने जातीपुढे तिकीट उभे राहात असे. आधुनिक वाहतुकीने जात मोडली, असे विधान पुष्कळदा केले जाते. १९२७ चे उदाहरण या विधानास मर्यादा घालते. मोटार हेही आधुनिकच वाहन होते, आणि बोटीपेक्षा नवे होते. तरीही ते जातीच्या हाती राहिले. वाहन नवे की जुने यापेक्षा त्याची मालकी कोणाकडे आणि त्याचा धंदा कोणावर अवलंबून, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

मार्गाची निवड परिषदेच्या स्वरूपावरही उमटली. दासगावाहून महाडपर्यंतचे पाच मैल पायीच जावयाचे होते. त्या अडचणीचे आयोजकांनी सामर्थ्य केले. वाहनाअभावी करावी लागलेली पायपीट मिरवणूक झाली, आणि महाडकरांनी प्रथम पाहिला तो शिस्तीने येणारा हजारोंचा समुदाय. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. पुढील दोन दिवसांत न्यायालयाचा हुकूम व जिल्हाधिकाऱ्यांचे सांगणे विचारात घेऊन तळ्यावरील प्रत्यक्ष सत्याग्रह स्थगित करण्यात आला. २७ तारखेस मिरवणूक तळ्याभोवती फिरून पाणी न घेता परतली. तळ्यावरील हक्काचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला, आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

५. शब्दांची साक्ष

प्रस्तुत लेखकाचा मूळ अभ्यास भाषेचा असल्यामुळे या प्रवासाच्या शब्दांकडे वळणे क्षम्य मानले जावे.

किनाऱ्यावरील मराठीचा शब्दसंग्रह पाहिला तर त्यात कोणत्याही एका समाजाची मिरास आढळत नाही. 'बंदर' फारसी, 'सारंग' हे फारसी 'सरहंग' वरून आलेले, 'खलाशी' अरबी वळणाचा, 'लाँच' इंग्रजी, आणि 'आगबोट' हा तर मराठी 'आग' व इंग्रजी 'बोट' यांचा संकर. कोळी, खारवी, भंडारी, दालदी मुसलमान अशा अनेकांच्या श्रमातून ही बोली घडली. बोटीवर ज्याला मळमळते त्याला 'बोट लागली' असे आपण म्हणतो, आणि ती कोणालाही लागते.

याहून महत्त्वाचे एक शब्दकुल आहे. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरून जाणे, पार होणे. या धातूपासून 'तर', 'तरी', 'तारू' हे नावेचे शब्द आले. 'उद्' उपसर्ग लागून 'उत्तरति' झाले व त्यावरून मराठीत 'उतरणे'. आज आपण 'उतरणे' म्हणजे खाली येणे एवढेच समजतो. परंतु 'नदी उतरणे' या प्रयोगात पार जाण्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे, आणि नदीत जेथून चालत पार होता येते त्या जागेस 'उतार' म्हणतात. 'उतारू' म्हणजे उतरणारा, पार जाणारा. त्याच धातूपासून 'तीर्थ'. तीर्थ म्हणजे प्रथमतः पाण्यात उतरण्याची, पार होण्याची जागा, घाट किंवा पायऱ्या. पुढे ती जागा पवित्र मानली गेली आणि मराठीत तर ते पाणीच तीर्थ झाले.

म्हणजे नावेत बसण्याची जागा आणि पाणी पिण्यासाठी उतरण्याची जागा ही शब्दाच्या मुळाशी एकच आहे. महाडच्या प्रवासात या दोन्ही अर्थांचे तीर्थ आले. दासगावच्या बंदरावर माणसे उतरली ती उतारू म्हणून, आणि तेथे त्यांना कोणी अडविले नाही. पाच मैलांवर चवदार तळ्याच्या पायऱ्या होत्या, तेथे उतरण्यास न्यायालयाची मनाई होती. 'बहिष्कार' या शब्दाचा अर्थ 'बाहेर करणे'. ज्यांनी आपल्या सभेस आणि पत्रास 'बहिष्कृत' हे नाव मुद्दाम घेतले होते, त्यांच्यावर मोटारवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी पुन्हा बहिष्कार घातला. ज्यांना आधीच बाहेर ठेविले आहे त्यांना आणखी बाहेर करता येते, हे या प्रसंगाने दाखविले. बाहेरूनही वाट काढता येते, हेही त्यानेच दाखविले.

६. समारोप

अशा तऱ्हेच्या व्यवस्थेची इतर उदाहरणे नजरेसमोर ठेविल्यास महाडचे वेगळेपण कळते. १९३० च्या दांडीयात्रेत पुढे जाऊन मुक्कामाची व भोजनाची तयारी करणारी 'अरुण टुकडी' होती, पण वाटेवरील गावे यात्रेकरूंच्या स्वागतास उत्सुक होती. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये काळ्या नागरिकांनी भेदभाव करणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला, आणि त्या काळात सुमारे तीनशे खाजगी मोटारींच्या साह्याने त्यांनी आपली पर्यायी वाहतूक उभारली. तेथे अन्याय सोसणाऱ्यांनी वाहन नाकारले, महाडास वाहनाने त्यांना नाकारले. दोन्ही ठिकाणी निर्धार टिकला तो मात्र एकाच कारणाने. माणसांना ठिकाणी पोहोचविण्याची व्यवस्था कोणीतरी शांतपणे बसून आखली होती.

आपल्या इतिहासलेखनात भाषणे, ठराव आणि निकाल यांची नोंद पुरेशी होते. शिधा किती घेतला, बोट कोणती, पाणी कोणाकडून विकत आणले, या गोष्टी तळटीपेत जातात. महाडच्या बाबतीत हा क्रम बदलावा असे वाटते, कारण अस्पृश्यता ही पाणी, वाट, जागा आणि शिधा यांच्या नाकारण्यातूनच चालत होती. तिच्याविरुद्धच्या परिषदेची व्यवस्था पाहणे म्हणजे त्या लढ्याचे प्रत्यक्ष रणांगण पाहणे होय.

त्या जलमार्गाचे दिवस आता गेले. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक उतारू प्राणास मुकले. गिरणगावातील कित्येक कुटुंबांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. पुढे रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली, कोकणची नियमित बोटवाहतूक बंद पडली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता २० मार्चला आणि २५ डिसेंबरला हजारो लोक महाडास जातात ते रस्त्याने व रेल्वेने. ज्या रस्त्यावर एके काळी मोटार नाकारली गेली, त्याच रस्त्याने त्यांच्या गाड्या भरभरून जातात, आणि हे योग्यच झाले.

तथापि दासगावच्या बाजूने जाताना खाडीकडे एकदा पाहावे. भरती अजून तिच्या वेळेवर चढते. १९२७ च्या डिसेंबरात त्या पाण्याची वेळ कोणीतरी विचारून घेतली होती, तिकिटांचे पैसे गोळा केले होते, दहा दिवसांच्या धान्याचा हिशेब मांडला होता. त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे आपल्या ग्रंथांत नाहीत. परळ-लालबागच्या जुन्या चाळींतील घरगुती आठवणी, गावकीच्या मंडळांच्या वह्या आणि त्या काळची पत्रे यांत त्यांचा माग लागण्याचा संभव आहे. गिरणगावाच्या चाळी झपाट्याने पाडल्या जात असताना हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी ते हाती घ्यावे, एवढ्याच अपेक्षेने हा लेख लिहिला आहे.